जुन्याला कल्हई, की पुढचा डाव?



या कार्यक्रमात आम्ही वाळवणांपासून वारसाहक्कापर्यंत कितीतरी विषयांवर बोललो आहोत. आजचा विषय ऐकून मात्र काहीजणी रेडिओ बंद करायला उठतील अशी धास्ती वाटते. आज आम्ही व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. मोबाइलनं डोळे बिघडतात का, मुलं अभ्यास टाळतात का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते पुन्हा कधीतरी. आजचा प्रश्न असा आहे: गेम तयार करणाऱ्या कंपन्यांनी जुने गाजलेले खेळ पुन्हा नव्यानं बनवावेत, की त्यांचे पुढचे भाग काढावेत?

"आपल्याला काय करायचंय त्याचं?" असं तुम्ही म्हणाल. तर दोन कारणं आहेत. एक म्हणजे, या खेळांत गोष्टी असतात, गोष्टींत बायका असतात, आणि गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना त्या बायकांचं काय होतं हे बघण्यासारखं असतं. दुसरं कारण अगदी घराजवळचं आहे. हे खेळ बनवण्याचं काम आज पुण्यात आणि मुंबईतही चालतं. तुमच्या-आमच्या घरातली मुलंमुली तिथं चित्रं काढतात, प्रोग्रॅम लिहितात, चुका शोधतात. त्यांच्या वाट्याला कोणतं काम येतं, याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे पितळेचं पातेलं काळवंडलं की कल्हईवाल्याकडे जायचं. भांडं तेच, फक्त आतून चकचकीत. गेमच्या जगात याला 'रिमास्टर' म्हणतात. खेळ जुनाच, चित्र जरा स्वच्छ, आवाज सुधारलेला. दुसरा प्रकार म्हणजे पातेलं इतकं झिजलं की त्याच मापाचं, त्याच घडणीचं नवं पातेलं घडवून घेणं. हा 'रिमेक'. गोष्ट तीच, माणसं तीच, पण प्रत्येक भिंत, प्रत्येक चेहरा, प्रत्येक हालचाल पहिल्यापासून नव्यानं तयार करायची. आणि तिसरा प्रकार म्हणजे 'सीक्वेल', पुढचा भाग. त्याच घराण्याची पुढची हकिगत.

नाटकाच्या माणसांना यातलं काहीच नवं नाही. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' आलं, मग त्याच देशपांडे कुटुंबाची पुढची गोष्ट सांगणारी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटकं आली. पुढं काही वर्षांनी 'वाडा चिरेबंदी' नव्या नटसंचात पुन्हा रंगमंचावरही आलं. म्हणजे पुढचा भागही झाला आणि पुनरुज्जीवनही झालं. एकानं दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही. मग गेमच्या बाबतीत एवढा वाद का होतो?

वादाचं एक कारण असं की नाटकाची संहिता छापलेली असते, ती पन्नास वर्षांनीही उघडून वाचता येते. गेमचं तसं नाही. गेम ज्या यंत्रासाठी लिहिला ते यंत्र बंद पडलं की गेमही मुका होतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० च्या आधी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज दुकानात सरळ विकत मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. शंभरातले सत्त्याऐंशी! आपल्या ग्रंथालयातली शंभरातली सत्त्याऐंशी पुस्तकं कुलूपबंद झाली तर आपल्याला कसं वाटेल?

आता एका खेळाची गोष्ट सांगतो. तो खेळ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलेला असणार. नव्वदच्या दशकात शाळेच्या संगणकाच्या खोलीत, सायबर कॅफेत किंवा एखाद्या भावाच्या ऑफिसातल्या संगणकावर पांढऱ्या कपड्यांतला एक छोटा माणूस धावायचा, कड्यावरून उडी मारायचा, काठाला लोंबकळायचा, आणि चुकला की खालच्या टोकदार खिळ्यांवर पडायचा. बरोबर, तोच! 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जाफर नावाच्या दुष्ट वजिरानं राजकन्येला कोंडलेलं असतं आणि नायकाकडे साठच मिनिटं असतात.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं जवळजवळ एकट्यानं बनवला आणि तो १९८९ मध्ये ॲपल कंपनीच्या जुन्या संगणकावर आला. त्या माणसाची चाल इतकी खरी का वाटायची? कारण मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं, आणि एकेक चित्र बघून संगणकावर उतरवलं. संगणकाची मेमरी इतकी तोकडी होती की नायकाला शत्रू म्हणून दुसरं पात्र काढायला जागाच उरत नव्हती. तेव्हा एका सहकारी मैत्रिणीनं सुचवलं, की नायकाचंच चित्र उलटसुलट करून त्याची सावली शत्रू कर. त्यातून ती आरशातून बाहेर येणारी सावली जन्माला आली. शेवटी नायक त्या सावलीशी लढत राहिला तर मरतो, आणि तलवार म्यान केली तर दोघं एक होतात. अडचणीतून किती सुंदर गोष्ट निघाली बघा. घरात साहित्य कमी असताना सुचलेला पदार्थच पुढं घराची ओळख बनतो, तसंच हे.

या खेळाचा मूळ प्रोग्रॅम हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांच्या मदतीनं त्या वाचून काढल्या आणि मेकनरनं तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे जगभर गाजलेला खेळ जपला कुणी? एका बापाच्या कपाटानं. आपल्या घरातल्या पेट्या-कपाटांचा पसारा बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता पुढची पायरी. २००३ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओनं 'द सँड्स ऑफ टाइम' नावाचा नवा खेळ काढला. नायक राजपुत्रच, पण गोष्ट नवी. यात राजपुत्र आपल्या वडिलांबरोबर हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतो आणि तिथून एक जादूचा खंजीर लुटतो. त्या खंजिरानं काळ मागं नेता येतो. महाराजाची मुलगी फराह कैद होते. पुढं वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र काळाची वाळू मोकळी करतो, सगळी माणसं वाळूचे राक्षस होतात, आणि उरतात फक्त राजपुत्र, वजीर आणि फराह. फराह धनुष्य चालवते, भिंतीच्या फटीतून पलीकडे जाऊन दारं उघडते, राजपुत्राला टोचून बोलते. दोघांना एकमेकांशिवाय पुढं जाता येत नाही. आणि शेवटी कळतं की हा सगळा वेळ राजपुत्र ही गोष्ट फराहलाच सांगत होता. खेळात आपण मेलो तर तो म्हणतो, छे, असं नव्हतं झालं, मी पुन्हा सांगतो. ज्याच्या राज्यानं तिचं राज्य लुटलं, तो तिच्यापुढं बसून आपली चूक सांगतो आणि खंजीर परत देतो. युद्धाचा खेळ म्हणावा आणि त्यात अशी गोष्ट असावी!

या खेळाची तारीफ झाली. मग कंपनीनं काय केलं? लगेच पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, पुढचा भाग काढला, 'वॉरियर विदिन'. त्यात फराह गायब. राजपुत्र रागीट, सगळीकडे रक्त, आणि त्याच्यापुढं ज्या बायका येतात त्यांच्या अंगावर कपडे नावालाच. पहिल्या खेळाच्या घडणीत सामील असलेल्या मेकनरनं, या भागाचं रूप आणि त्यातला हिंसाचार आपल्याला आवडला नाही, असं जाहीरपणे सांगितलं. २००५ मध्ये तिसरा भाग आला, 'द टू थ्रोन्स'. त्यात फराह परत आली. काळ मागं फिरल्यामुळं तिला मात्र काहीच आठवत नव्हतं.

म्हणजे पुढचा भाग काढला की गोष्ट पुढं जातेच असं नाही. कधी कधी ती फक्त जास्त आरडाओरडा करते. पहिल्या भागातली फराह कोण होती हे ज्यांना कळलं नव्हतं, त्यांनी दुसरा भाग घाईनं काढला, असंच म्हणावं लागतं.

मग रिमेक बरा का? आता गोष्ट आपल्या पुण्याला येते. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टनं जाहीर केलं की 'द सँड्स ऑफ टाइम' नव्यानं बनतो आहे, आणि तो बनवत आहेत कंपनीचे पुणे आणि मुंबई इथले स्टुडिओ. तेव्हा कोरोनाचे दिवस होते, माणसं घरातून काम करत होती. भारतातले अनेक स्टुडिओ परदेशी खेळांची पूरक कामं करतात. कुणाच्या खेळातली झाडं काढून द्यायची, कुणाच्या खेळातल्या चुका शोधायच्या. इथं एक नावाजलेला खेळ पूर्णपणे आपल्या मुलांच्या हातात आला होता. ज्या फराहचं माहेर गोष्टीत हिंदुस्थानात आहे, तिचा चेहरा पहिल्यांदाच हिंदुस्थानात घडणार होता.

पहिली झलक दाखवली आणि जगभरातून टीका झाली. चेहरे लाकडी वाटतात, चित्र जुनाट दिसतं, असं लोक म्हणाले. खेळ जानेवारी २०२१ मध्ये येणार होता, तो मार्चवर गेला, मग तारीखच काढून टाकली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून पुन्हा माँट्रियलकडे दिलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं हा खेळच रद्द केला. घोषणेपासून पाच वर्षांहून जास्त काळ, दोन देश, आणि खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. २००३ चा मूळ खेळ मात्र संगणकावर चालतो, तो हवा त्याला खेळता येतो.

यावर लोक दोन टोकाची मतं देतात. एक म्हणजे, रिमेक करायलाच नको होता. दुसरं, जे ऐकून आम्हाला राग येतो, ते म्हणजे हे काम भारतातल्या मुलांना झेपणारं नव्हतं. दोन्ही मतं घाईची आहेत. परक्या स्टुडिओला दुसऱ्याचा खेळ नव्यानं घडवता येतो, याचं चांगलं उदाहरण आहे. 'सायलेंट हिल २' हा जपानच्या कोनामी कंपनीचा २००१ चा खेळ. एका माणसाला मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधायला धुक्यानं भरलेल्या गावात जातो. भीतीपेक्षा त्याच्या मनातला अपराध जास्त घाबरवतो. २०१२ मध्ये त्याला कल्हई लावायचा प्रयत्न झाला, पण कंपनीनं शेवटचा, पक्का झालेला प्रोग्रॅम जपूनच ठेवला नव्हता. अर्धवट प्रोग्रॅमवरून काम करावं लागलं, आणि धुकंसुद्धा नीट जमलं नाही. पुढं पोलंडमधल्या ब्लूबर टीम या स्टुडिओनं तोच खेळ पूर्ण नव्यानं बनवला. जाहीर झाला तेव्हा त्यांच्यावरही लोकांनी विश्वास ठेवला नव्हता. २०२४ मध्ये खेळ आला आणि जुन्या चाहत्यांनीच त्याचं कौतुक केलं.

म्हणून आमचं म्हणणं असं की रिमेकला दुय्यम काम समजू नये. कंपन्यांना रिमेक का आवडतो ते उघड आहे. नाव आधीच माहीत असतं, गोष्ट तयार असते, आणि ज्यांनी शाळेत असताना तो खेळ खेळला ते आता कमावते झालेले असतात. धोका कमी. पण खेळणाऱ्याच्या आठवणीत तो खेळ प्रत्यक्षापेक्षाही सुंदर असतो, आणि नव्या कारागिराची स्पर्धा त्या आठवणीशी असते. आजीच्या हातच्या पुरणपोळीची बरोबरी करायला सांगायचं आणि 'सोपंच तर आहे, कृती लिहिलेली आहे' असंही म्हणायचं, हे बरं नव्हे.

रिमेकचा एक फायदाही मान्य करायला हवा. जुन्या गोष्टीतला एखादा सल काढून टाकता येतो. कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट इव्हिल ४' २००५ चा. त्यात ॲशली नावाच्या तरुण मुलीच्या अंगावरून एक पुरुष पात्र अश्लील शेरा मारायचं. २०२३ मध्ये खेळ नव्यानं आला तेव्हा तो शेरा काढला, तिचे कपडे धावपळीला साजेसे केले, आणि नुसती मदतीसाठी ओरडणारी मुलगी थोडी शहाणी, थोडी धीट झाली. गोष्ट तीच राहिली. कुणाचं काही अडलं नाही.

पण रिमेक करताना एक गोष्ट कधीही करू नये, ती म्हणजे नवं आणण्यासाठी जुनं दुकानातून उचलणं. २०२१ मध्ये रॉकस्टार कंपनीनं 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतले तीन जुने खेळ नव्या रूपात आणले, आणि त्याच्या आधी जुन्या प्रती विक्रीतून काढल्या. नव्या रूपात इतक्या चुका निघाल्या की कंपनीला माफी मागावी लागली आणि संगणकावरचे जुने खेळ पुन्हा विक्रीला ठेवावे लागले. नवी सून आली म्हणून सासूचा फोटो भिंतीवरून काढायचा नसतो.

आता एका चांगल्या पुढच्या भागाकडे वळू. निंटेंडो या जपानी कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही मालिका १९८६ पासून चालू आहे. नाव आहे राजकन्या झेल्डाचं, पण खेळणारा हात कायम लिंक या मुलाचा. ती संकटात, तो सोडवायला. २०१७ मध्ये 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला आणि २०२३ मध्ये त्याचा पुढचा भाग, 'टीअर्स ऑफ द किंगडम'. प्रदेश तोच, डोंगर तेच, पण वर आकाशात बेटं आणि खाली पाताळ. शिवाय फळ्या, चाकं, पंखे जोडून आपली गाडी, आपली नाव स्वतः बनवायची. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. जुनी जमीन पुन्हा वापरण्यात काही कमीपणा नाही, तिच्यात नवं पीक काढता आलं पाहिजे, हे या खेळानं दाखवलं.

आणि मग २०२४ मध्ये 'एकोज ऑफ विज्डम' आला. या वेळी लिंक गायब होतो आणि झेल्डा स्वतः निघते. मुख्य मालिकेत पहिल्यांदाच, अडतीस वर्षांनी. ती समोर दिसलेल्या वस्तूंच्या आणि प्राण्यांच्या प्रतिकृती करते. पलंग रचून उंच भिंत चढते, पाण्याचे ठोकळे रचून वर पोहत जाते. शक्तीपेक्षा युक्ती. मैत्रिणींनो, असं कोणत्याही रिमेकमध्ये होऊ शकलं नसतं. जुनी गोष्ट कितीही प्रामाणिकपणे पुन्हा सांगितली तरी झेल्डा कोंडलेलीच राहिली असती. तिच्या हातात सूत्रं यायला नवीच गोष्ट लागली.

पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यामागची हकिगत. हा खेळ निंटेंडोनं ग्रेझ्झो या जपानी स्टुडिओबरोबर बनवला. ग्रेझ्झोनं आधीची कितीतरी वर्षं काय केलं होतं? झेल्डाचे जुने खेळ नव्यानं बनवले होते. २०११ मध्ये 'ऑकरिना ऑफ टाइम', २०१५ मध्ये 'मजोराज मास्क', २०१९ मध्ये 'लिंक्स अवेकनिंग'. आणि 'एकोज ऑफ विज्डम'च्या दिग्दर्शनात होत्या तोमोमी सानो, झेल्डा मालिकेतल्या पहिल्या महिला दिग्दर्शक. त्यांनीही ग्रेझ्झोबरोबरच्या या रिमेकच्या कामांत वर्षानुवर्षं भाग घेतला होता. काम कसं चाललंय बघायचं, झेल्डाच्या रीतीला ते धरून आहे की नाही तपासायचं. मग एक दिवस निंटेंडोनं ग्रेझ्झोला सांगितलं, आता नव्या खेळाच्या कल्पना तुम्ही सुचवा.

गाणं शिकणारी मुलगी आधी गुरूची बंदिश घोटते. शंभर वेळा घोटते. त्यात तिला कळतं की ही जागा अशी का आहे. पण तिनं जन्मभर घोटतच राहावं असं कोणताच चांगला गुरू म्हणत नाही. एक दिवस तो म्हणतो, आता तू गा. रिमेक हा रियाज आहे आणि पुढचा भाग ही मैफल आहे, असं आम्हाला वाटतं. ग्रेझ्झोला रियाजही मिळाला आणि मैफलही मिळाली. पुण्या-मुंबईच्या मुलांना रियाजाच्या पहिल्याच दिवशी भर सभेत गायला बसवलं, सूर लागला नाही म्हटल्यावर तंबोरा काढून घेतला. त्यांनी छोट्या खेळांना कल्हई लावण्यापासून सुरुवात केली असती, वेळ मिळाला असता, तर काय झालं असतं? ते आता कधीच कळणार नाही, आणि खरं नुकसान हेच आहे.

तेव्हा आमचं उत्तर असं. सगळ्यात आधी मूळ खेळ जपा, तो चालता ठेवा, विक्रीला ठेवा, त्याचा प्रोग्रॅम नीट सांभाळून ठेवा. ते स्वस्तही आहे आणि त्याशिवाय बाकी सगळं हवेत आहे. रिमेक तिथंच करा, जिथं मूळ खेळ आता खेळताच येत नाही किंवा त्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे, आणि केला तर पुरेसा वेळ देऊन करा. जो खेळ आजही सुरळीत चालतो आणि गोड लागतो, त्याच्यावर वर्षं आणि पैसा घालवण्यापेक्षा पुढचा भाग काढा. मात्र पुढच्या भागात नवा प्रश्न असू द्या. फराहला घालवून रक्त वाढवणं याला पुढं जाणं म्हणत नाहीत, झेल्डाला वाट मोकळी करून देणं याला म्हणतात. आणि ज्या हातांनी जुनं घडवलं, त्या हातांना नवं मागायला विसरू नका.

कुणी विचारेल, आपल्याकडे नवं करणारे आहेत का? आहेत ना! २०२० मध्येच, त्या रिमेकच्या घोषणेच्या काही आठवडे आधी, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ बाहेर आला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी अनाथ मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधायला निघते. दुर्गामाता तिला त्रिशूळ देते. मधली गोष्ट कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखी उलगडते. या खेळासाठी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न झाला होता, तो फसला होता. तरी मंडळी थांबली नाहीत. २०२० च्या द गेम अवॉर्ड्स या मोठ्या पुरस्कारात पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत राजीचं नाव होतं. त्यात खोटी नाहीत असं नाही, खेळ छोटा आहे, काही ठिकाणी अडखळतो. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे परक्याच्या राजपुत्राला नवे कपडे शिवणं चाललं होतं आणि दुसरीकडे आपली राजी स्वतःच्या पायांवर धावत होती. आम्हाला दोन्ही कामांचा आदर आहे. पुढं कोणतं वाढावं असं विचाराल, तर राजीचं.

शेवटी, आपण ऐकणाऱ्यांनी काय करावं? घरातलं मूल गेम खेळत असेल तर एकदा शेजारी बसा आणि विचारा: यात गोष्ट काय आहे? मुलगी कुठं आहे, ती काय करते? हा खेळ आधी कधी आला होता का? मुलगी म्हणाली, मला हे काम शिकायचंय, तर 'खेळाचं कसलं आलंय शिक्षण' म्हणून मोडीत काढू नका. चित्रकला, गणित, संगीत, गोष्ट सांगणं, सगळं त्यात लागतं. फक्त तिला एवढं सांगा, की नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचार: इथं दुसऱ्याचं घोटायला मिळेल ते ठीक, पण स्वतःचं गायला कधी मिळेल?

आणि घरात जुना संगणक, जुन्या सीडी, फ्लॉपी असतील तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघा. कुणाचा तरी खेळ त्यात झोपलेला असेल.

तुम्हाला काय वाटतं ते आम्हाला केंद्रावर जरूर कळवा. लहानपणी तुम्ही कोणता खेळ खेळलात आणि तो पुन्हा यावा की त्याची पुढची गोष्ट यावी, हेही लिहा. मुलांनाही लिहू द्या.